सोनाराने कान टोचावे, पण कुठे?

'सोनारानेच कान टोचावे' अशी आपल्या मराठीत म्हण आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, सुनवायचे ते अधिकारी माणसाने सुनवावे, असा तिचा अर्थ शाळेच्या पुस्तकात दिलेला असतो आणि परीक्षेपुरता तो पुरतो. पण म्हणीच्या पोटात बहुधा एखादा जुना व्यवहार दडलेला असतो. या म्हणीत कान कोणी टोचावे ते सांगितले आहे, कुठे टोचावे ते नाही. सांगण्याची गरजच नव्हती. सोनार टोचतो ती कानाची पाळी, हे सर्वांना ठाऊक होते.

आज तसे राहिलेले नाही. पार्लरमध्ये, मॉलमधल्या छोट्या दुकानात, जत्रेतल्या पालात, कानाची वरची कड म्हणा, मधले वळण म्हणा, भोकासमोरचा उंचवटा म्हणा, मागाल तिथे टोचून मिळते. त्यातून काय उद्भवते ते आमच्याच घरात पाहायला मिळाले आणि मी या विषयाच्या मागे लागले. मागे लागले ती फार मागे जाऊन पोहोचले.

आमच्या बेळगावकडे कान दोन भाषांत टोचले जातात. मराठीत सोनार, कन्नडात अक्कसालिग किंवा पत्तार. आपला कान, त्यांची किवी. आपली कुडी, त्यांची ओले. बुगडी मात्र दोघांची. कन्नडात तिलाच बुगुडी म्हणतात आणि ती कोणी कोणाकडून उचलली याचा वाद घालण्यात अर्थ नाही. सीमाप्रश्नात आणखी एक कलम नको. १९५९ साली आलेल्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातल्या लावणीने बुगडी घरोघर पोहोचवली. ज्यांनी हा दागिना कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता त्यांनाही ती हरवल्याचे कळले. पण बुगडी कानात नेमकी कुठे घालतात, असे आजच्या मुलींना विचारून पाहा. निम्म्याजणी पाळीकडे बोट दाखवतील. बुगडी असते कानाच्या वरच्या कडेला, जिथे हाताला टणक लागते तिथे. माझ्या शहापूरच्या आजीच्या दोन्ही कानांना अशी भोके होती. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. बेळगावला लागून असले तरी राज्य वेगळे. तिथल्या सराफ गल्लीतल्या सोनाराने ती पाडली होती. लहानपणी नव्हे, लग्न ठरल्यावर. आणि एकाच वेळी दोन्ही कानांना नव्हे. उजवा कान पूर्ण बरा झाल्यावर डावा. झोपायला एक तरी कूस मोकळी हवी, असे आजी त्याचे कारण सांगत असे. तिच्या या वाक्यात किती शहाणपण होते ते मला बऱ्याच वर्षांनी कळले.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचणे आणि फाटलेला कान सांधणे यावरच आहे. संहितेचा गाभा ख्रिस्तपूर्व शतकांतला आणि आजचे रूप त्यानंतरच्या काही शतकांतले, असे सर्वसाधारणपणे मानतात. मूल सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असावे, शुक्लपक्ष असावा, दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी त्याला रमवावे, मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, हे सारे तिथे आहे. घरोघरी सांगितले जाते ते एवढेच. माझे लक्ष वेधले ते पुढच्या भागाने. वैद्याने डाव्या हाताने कान ताणून उन्हासमोर धरावा, त्यात निसर्गानेच ठेवलेले पातळ छिद्र दिसते तिथेच, सरळ, हळुवारपणे टोचावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. जागा चुकली हे कसे ओळखावे? रक्त फार आले, वेदना फार झाल्या, तर जागा चुकली. तसे काही झाले नाही तर बरोबर.

उन्हासमोर कान धरून पाहण्याचा हा प्रयोग कोणीही करून बघावा. पाळीतून तांबूस उजेड झिरपतो आणि त्यात शिरांच्या रेघा गडद दिसतात. चुकीच्या जागी टोचल्याने कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या तीन शिरा दुखावतात, असे सुश्रुत म्हणतो आणि प्रत्येकीचे परिणाम वेगळे सांगतो. कालिकेने ताप, दाह, सूज, वेदना. मर्मरिकेने वेदना, ताप आणि गाठी. लोहितिकेने मान धरणे, डोके धरणे, कानात शूळ आणि अपतानक. अपतानक हा शरीर ताठ करणारा, आचके आणणारा विकार. आपण ज्याला धनुर्वात म्हणतो त्याच जातीचा. आज आपण त्या तीन शिरा त्याच नावांनी दाखवू शकणार नाही आणि धनुर्वात शीर दुखावल्याने नव्हे, जखमेतून शिरलेल्या जंतूने होतो, हेही आता माहीत आहे. पण कान टोचल्यावर मूल ताठ होऊन दगावते, हे कोणीतरी पाहिले होते आणि लिहून ठेवले होते. गाठींचेही तसेच, कानाच्या भोकावर वाढत जाणारी, कापली तरी पुन्हा येणारी ती गाठ, जिला डॉक्टर कीलॉइड म्हणतात, आपल्या सावळ्या लोकांत अधिक आढळते.

टोचून झाल्यावरची काळजीही त्याने सांगितली आहे. भोकात कापसाची वात घालावी, कच्च्या तेलाने भिजवावी, दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालावी. सुई बोथट किंवा वाकडी असल्यामुळे, वात फार घट्ट बसल्यामुळे किंवा जागा चुकल्यामुळे सूज आणि ठणका आला, तर वात तात्काळ काढावी. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव आणि तीळ यांचा मध-तुपातला लेप जखम भरेपर्यंत लावावा आणि ती पूर्ण भरल्यावर पुन्हा टोचावे. औषधे बदलली आहेत. आजच्या जखमेवर तेल किंवा तूप घालू नये, हे पुढे येईलच. पण हत्यार, जागा आणि घट्टपणा ही बिघाडाची तीन कारणे त्याने अचूक पकडली होती. आजचा कोणताही सर्जन यांत फार तर स्वच्छतेची भर घालील.

आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदवायची आहे. कान टोचल्याने बुद्धी वाढते, दृष्टी सुधारते, स्मरणशक्ती तल्लख होते, असे संदेश हल्ली फोनवर फिरतात आणि खाली ऋषिमुनींची नावे असतात. कर्णवेधाची प्रयोजने सुश्रुताने या अध्यायात दोनच दिली आहेत: मुलाचे रक्षण आणि भूषण. त्याने न केलेला दावा त्याच्या नावावर खपवण्याचे कारण नाही.

हा सगळा अध्याय पाळीचा आहे. पाळी टोचल्यावर ती लांबवण्याची तेव्हा हौस होती. त्यासाठी आघाडा, कडुनिंब किंवा कापशीच्या काड्या, शिशाचे तुकडे भोकात बसवत. ओझ्याने भोक ओघळे, पाळी दोन तुकडे होई. आपल्याकडेही जड कुड्यांचा भार केसांवर घेण्यासाठी कानवेल आला, तो याच भीतीने. फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सुश्रुत देतो आणि त्यांतले शेवटचे पाच असाध्य म्हणून सोडून देतो. पाळी मुळातच उरली नसेल तर गालाचे मांस, एका बाजूने जिवंत जोडलेले ठेवून, फिरवून तिथे बसवावे असे सांगतो. मग त्याच ओघात कापलेल्या नाकाकडे वळतो. जगभरचे सर्जन आज ज्याला प्लास्टिक सर्जरीचा आरंभ मानतात, तो असा कानाच्या भोकातून निघालेला आहे.

याची दुसरी कडी थेट पुण्यात सापडते. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी फिरवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या सेवेतले क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ते पाहायला हजर होते. जेम्स वेल्स हा चित्रकार त्या वेळी पुण्यातच होता. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणाऱ्या याच वेल्सने कावसजीचेही चित्र काढले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया करून पाहिली, १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. सुश्रुताचे मांस गालाचे, पुण्याचे कपाळाचे. त्यामुळे पोथीतून थेट त्या कारागिरापर्यंत परंपरा आली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एवढे खरे की ही विद्या पोथीवाल्यांकडे नव्हे, हाताने काम करणाऱ्यांकडे जिवंत होती. कान टोचणेही तसेच सोनाराकडे राहिले. बारशाच्या दिवशी सोनार घरी येई, टोकदार केलेली सोन्याची बारीक तार पाळीतून आरपार काढी आणि तिलाच पीळ देऊन बाळी करी. सुई तीच, दागिना तोच. एका मुलाची तार दुसऱ्याच्या कानात जाण्याचा प्रश्न नव्हता आणि चोख सोन्याला अंग सहसा चिडत नाही. नुसते हात स्वच्छ धुतले आणि तार उकळून घेतली तर या पद्धतीत नाव ठेवायला फारशी जागा नव्हती.

मग कानाच्या वरच्या भागाला भोक पाडण्याची चाल आपल्याकडे नव्हतीच काय? होती, बुगडी त्याचीच खूण. पुरुषांत भिकबाळी. मुले जगत नसली की जगलेल्या मुलाला भिकू, दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवावी आणि दारोदार भीक मागून जमलेल्या पैशांतून त्याच्या कानात बाळी घालावी, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडणार नाही, असा समज होता. भिकबाळी हे नाव तिथून आल्याचे जुनी माणसे सांगत. पुढे नवसाची ती बाळी मोत्यांची झाली, दरबारी झाली. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर तर ती कॉलेजच्या पोरांच्या कानांत आली. त्यांतले अनेकजण चिमट्याचीच घालतात, ते उत्तम.

पण कानाच्या टणक भागाचा सर्वांत मोठा अनुभव कोणाला असेल तर तो नाथपंथी कानफाट्यांना. त्यांचे कुंडल पाळीत नसते. दीक्षेच्या वेळी गुरू दुधारी सुरीने कानाच्या मधला टणक भाग चिरतो. त्या चिरेत कडुनिंबाची काडी बसवतात आणि जखम भरल्यावर मोठी मुद्रा घालतात. जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या गोरखनाथ व कानफाटा योगी यांवरच्या ग्रंथात याचे तपशीलवार वर्णन आहे. कान चिरून न घेतलेल्यांना औघड म्हणतात. म्हणजे पंथात असूनही कान न चिरण्याची वाट मोकळी होती. ज्याची मुद्रा कान फाडून निघाली त्याची गत मात्र वाईट. पंथात त्याचे स्थान उरत नसे. आमच्या भागाला हे लोक परके नाहीत. खानापूर तालुक्यातल्या रानात हंडीभडंगनाथाचा मठ आहे. दर बारा वर्षांनी त्र्यंबकेश्वराहून मंगळूरच्या कद्रीपर्यंत नाथांची झुंडी पायी जाते. वर्षानुवर्षे साधना केलेला प्रौढ माणूस, जखम भरेपर्यंत एकांत, दुसरे काही काम नाही: टणक कान चिरायला त्यांनी एवढी तयारी लावली होती. दुपारच्या सुटीत, दोन मैत्रिणींच्या आग्रहाखातर, असा तो प्रकार नव्हता.

पाळी आणि वरची कड यांत एवढा फरक का, ते आमच्याकडच्या पैलवानांकडे पाहून समजते. कोल्हापूर-बेळगावच्या तालमींत ज्याचे कान मोडलेले, फुगून गड्डा झालेले, तो खरा पैलवान मानला जातो. पाळीत कातडी आणि चरबी; रक्त भरपूर, म्हणून जखम लवकर भरते. वरचा कान म्हणजे कूर्चा, आपण ज्याला मऊ हाड म्हणतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावर एक पातळ आवरण असते, पेरिकाँड्रियम. त्यातून पाझरेल त्यावर ती जगते. पैलवानाचा कान रगडला गेला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचते, पोषण तुटते, कूर्चा मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी गाठ उरते. टोचल्यावर जंतू शिरले तर रक्ताच्या जागी पू साचतो. पुढचे सगळे तेच. फरक एवढाच की पैलवानाला त्याचा अभिमान असतो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी इंजिनिअरिंगला दुसऱ्या शहरात होती. तिथल्या एका दुकानात तिने डाव्या कानाच्या वरच्या कडेला ओळीने दोन भोके पाडून घेतली. दाबायच्या बंदुकीने. तशा बंदुकीत टोकाला बोथट असलेला दागिना दाबाने आरपार घुसवतात. पाळीत ते एक वेळ निभते, कूर्चा मात्र चेचली जाते, कधी तडकते. शिवाय बंदुकीचा सांगाडा प्लास्टिकचा असेल तर तो वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. चौथ्या दिवशी कान लाल झाला. खोलीतल्या मुलींनी हळद लावली, एकीने खोबरेल. सहाव्या दिवशी जवळच्या दवाखान्यातून नेहमीचे अँटिबायोटिक मिळाले. दहाव्या दिवशी ती घरी आली तेव्हा कान डोक्यापासून पुढे ढकलल्यासारखा उभा होता, उशीला लागला तरी किंचाळायची. आणि पाळी तेवढी जशीच्या तशी. आमच्या कानाच्या डॉक्टरांनी आधी पाळीच पाहिली. "पाळी शाबूत आणि वर सूज, म्हणजे कूर्चेचा आजार," ते म्हणाले, "पेरिकाँड्रायटिस." पू काढून तपासणीला पाठवला. स्यूडोमोनास निघाला. भूल देऊन दोनदा चीर द्यावी लागली, मेलेली कूर्चा खरवडावी लागली. जीव वाचला, ऐकू येते, सगळे ठीक. पण कानाची वरची कमान बसली ती बसलीच. "आत्या, चष्म्याची काडी तिथे राहत नाही," एवढेच ती एकदा म्हणाली.

हा स्यूडोमोनास पाण्यातला जंतू आहे. ओलसर सिंक, नळाचे तोंड, उघडी राहिलेली औषधाची बाटली, कुठेही वाढतो आणि नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद देत नाही. २००० सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कान टोचलेल्यांमध्ये ७ जणांना हा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले, आणखी १८ जणांना झाल्याचा संशय होता. सिद्ध झालेले सातही जण १० ते १९ वर्षांचे. पाळी टोचलेल्यांपेक्षा वरचा कान टोचलेल्यांना धोका कितीतरी अधिक निघाला. तोच जंतू सापडला शेजारच्या सिंकमध्ये आणि टोचण्यापूर्वी फवारायच्या जंतुनाशकाच्या बाटलीत. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ही तपासणी प्रसिद्ध झाली. जंतू मारायची बाटलीच जंतू वाटत होती, हे वाचून मी आमच्या मुलीला त्या दुकानात काय फवारले होते ते विचारले. तिला आठवत नव्हते.

एवढे असूनही मुली आणि मुले वरचा कान टोचणार, हे मला मान्य आहे. आजीनेही टोचलाच होता. टोचायचाच तर आधी धनुर्वाताची आणि हेपटायटिस बी ची लस झालेली असावी. टोचणाऱ्याने नवी, पाकीटबंद, पोकळ सुई डोळ्यांदेखत उघडावी, हातमोजे घालावे. सुई अनेकांना वापरली गेली तर काविळीचे ते विषाणू रक्तातून जातात. बंदूक वरच्या कानाला नको. घरात कोणाला कीलॉइडची खोड असेल, मधुमेह ताब्यात नसेल, तर चिमट्याचा दागिना बरा. पहिला दागिना टायटेनियमचा किंवा चोख सोन्याचा असावा आणि सुजेला जागा राहील इतका सैल. स्वस्त दागिन्यातले निकेल अनेकांच्या कातडीला चालत नाही. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते. कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागते आणि वरून भरलेली दिसली तरी आतून भरलेली नसते, म्हणून दागिना लवकर बदलण्याचा मोह आवरावा.

रोज दोनदा हात धुऊन, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने जखम धुवावी. ते नसेल तर उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव चमचा साधे मीठ चालते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नये. त्याने नवी कातडी जळते. हळद, तेल, राख, टूथपेस्ट काही नको. बाळी फिरवत राहावी असे पूर्वी सांगत. फिरवल्याने आतली कोवळी कातडी दर वेळी फाटते, खपली आत ओढली जाते. विहिरीत, नदीत, तलावात पोहणे बंद. फोन दुसऱ्या कानाला. हेल्मेट काढताना सांभाळून. आणि त्या कुशीवर झोपायचे नाही. एका वेळी एकच कान, हा आजीचा नियम इथे येतो.

पहिले काही दिवस थोडी लाली, थोडा पांढरट स्राव येतोच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, कान गरम लागला, नुसता हलवला तरी कळ आली, हिरवट पू दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. जाताना 'कूर्चा टोचली आहे' हे शब्द आपणहून सांगावे, कारण त्यावर औषध ठरते. स्यूडोमोनासवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे लागतात आणि ती वयाप्रमाणे डॉक्टरांनीच द्यायची. दागिना घरी आपल्या मनाने काढू नये. भोक मिटले की पू आतच कोंडतो.

कोसळलेली कमान पुन्हा उभी करता येते. बरगडीची कूर्चा काढायची, तिला कानाचा आकार कोरायचा आणि ती कातडीखाली बसवायची, अशी ती शस्त्रक्रिया आहे. पहिली जखम पूर्ण शांत झाल्यावर, काही महिन्यांनी करतात. भावाने सर्जनला भेटून खर्च विचारून ठेवला आहे. मुलगी केस डावीकडून मोकळे सोडते आणि अजून हो किंवा नाही म्हणालेली नाही.